रोजच्या वापराला १९६६ ची पिकअप: एका अदलाबदलीचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका जवळच्या मित्राचं आहे, त्याला विचारूनच लिहितोय, नाव मात्र देत नाही. नऊ वर्षं वापरलेली, रस्त्यात एकदाही बंद न पडलेली ऑटोमॅटिक सेडान त्याने विकली आणि तिच्या जागी १९६६ ची फोर्ड एफ-१०० पिकअप आणली. सुट्टीच्या दिवशी पुसून फिरवायला नाही, रोज कामावर जायला. जाऊन येऊन साधारण ४० किलोमीटर, त्यातला बहुतेक रस्ता ५०-६० च्या स्पीडचा आणि मधे हायवेचा एक छोटा तुकडा. घरात बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि बायकोची स्वतःची एक बऱ्यापैकी नवी गाडी. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, माझ्या मते अख्खं प्रकरण तिच्यावरच उभं आहे.

असं काही कुणी करतो म्हटलं की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक म्हणजे जुन्या गाड्या पोलादी असायच्या, त्यांना काही होत नाही, आणि दुसरी म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, महिन्याभरात पस्तावशील. मी या गाडीच्या खाली बऱ्याचदा पडलोय, पहिलं वर्ष जवळून बघितलंय, आणि मला दोन्ही बोलणी पटत नाहीत. म्हणून जे जसं घडलं ते नीट मांडतो, म्हणजे कुणाच्या डोक्यात असंच काही घोळत असेल तर त्याला स्वतःचं गणित स्वतः करता येईल.

आधी त्याला हे का करावंसं वाटलं ते. तो लाकडाचं काम करतो, फळ्या आणि प्लायवूडच्या शीट सेडानच्या टपावर बांधून न्यायचा, तेव्हा हौदा असलेली गाडी हवी हे कारण खरंच होतं. पण नवीन पिकअप घेऊनही ते भागलं असतं. दुसरं कारण असं की सेडानचं काहीही स्वतःला करता येत नाही याचा त्याला मनापासून कंटाळा आला होता, बॅटरी बदलली तरी सिस्टमला कळवावं लागतं, एक सेन्सर गेला की स्कॅनर लावल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. आणि तिसरं, जे त्याने बऱ्याच गप्पांनंतर सांगितलं, ते म्हणजे त्याला ती गाडी आवडते. बस. मी म्हटलं अरे हेच पहिलं कारण म्हणून लिही, कारण थंडीत सकाळी चोक ओढून बसायची वेळ आली की हौद्याचं कारण पुरत नाही, आवड पुरते. आवड हे कारण कमी दर्जाचं आहे असं मला अजिबात वाटत नाही, फक्त ती मान्य करून पुढचे हिशोब केले पाहिजेत, आवड झाकायला हिशोब वाकवू नयेत.

आता गाडी. १९६१ ते १९६६ ही एफ सिरीजची चौथी पिढी, म्हणजे ही त्या पिढीच्या शेवटच्या वर्षातली. १९६५ ला फोर्डने या गाडीला दोन महत्त्वाच्या गोष्टी दिल्या, पुढे ट्विन आय-बीम सस्पेन्शन (म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांना आपापला वेगळा लोखंडी दांडा) आणि बोनेटखाली नवीन सहा सिलेंडर इंजिनं, २४० आणि ३०० क्युबिक इंच. याच्याकडे ३०० वालं आहे, म्हणजे ४.९ लिटर. रोज वापरायला जुनी गाडी निवडताना इंजिन कुठलं आहे हे रंगापेक्षा शंभरपट महत्त्वाचं आणि इथे त्याने अगदी शहाणपणाने निवड केली असं मी म्हणेन. सरळ रांगेतलं इंजिन, क्रँकला सात मेन बेअरिंग, कॅमला चेन नाही की बेल्ट नाही, थेट गिअरने गिअर फिरतो, आणि हे इंजिन १९९६ पर्यंत बनत होतं, त्यामुळे वॉटर पंप, गॅस्केट, पिस्टन रिंग असलं काहीही शोधायला वणवण होत नाही. बाकी गाडी मात्र तिच्या काळाची. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पॉवर स्टीअरिंग नाही, तीन गिअर आणि त्यांचा दांडा स्टीअरिंग कॉलमवर, मागे पाटे, सिंगल बॅरल कार्बोरेटर, हाताने ओढायचा चोक, आणि पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागे, केबिनच्या आत. हो, आत. त्या काळातल्या बऱ्याच पिकअपमधे अशीच असायची.

आधीच्या मालकाने ती शेडमधे झाकून ठेवली होती, अधूनमधून स्टार्ट करायचा, थोडी फिरवून परत आत. ऐकायला बरं वाटतं पण रोजच्या वापराच्या दृष्टीने उभी राहिलेली गाडी ही चालत राहिलेल्या गाडीपेक्षा जास्त काम मागते. रबर कडक होतं, ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं आणि सिलेंडर आतून गंजतात, टाकीत पेट्रोलचा थर बसतो, टायरवर नक्षी भरपूर दिसते पण रबर मेलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तो बघितल्यावर टायर त्याच दिवशी उतरवले.

सेडान लगेच विकायची नाही असं मी त्याच्या मागे लागलो होतो आणि सुदैवाने ती घेणारा नातेवाईकच होता, त्याला घाई नव्हती. साधारण तीन महिने दोन्ही गाड्या दारात होत्या. जागेची अडचण झाली, इन्शुरन्स दोन्हीचा भरावा लागला, बायकोने भुवया उंचावल्या, पण या तीन महिन्यांनी पुढचं सगळं वाचवलं असं माझं ठाम मत आहे. कारण जुनी गाडी आणली की पहिल्या काही आठवड्यांत ती एकामागून एक दुखणी बाहेर काढते आणि त्या काळात तीच एकमेव गाडी असेल तर माणूस सोमवारी सकाळी कामावर पोचायचंय म्हणून जुगाड करतो. तार पिळून टेप लावतो, लिक होणारी होज क्लिपने आवळतो. ते जुगाड मग कायमचे राहतात आणि सहा महिन्यांनी नक्की कुठला जुगाड सुटला ते शोधत बसावं लागतं. दुसरी गाडी दारात असली की पार्ट यायला आठवडा लागला तरी चालतं आणि काम एकदाच नीट होतं.

ब्रेक, सगळ्यात आधी

कामाचा क्रम ठरवताना आम्ही एकच नियम धरला होता, आधी थांबायचं, मग चालायचं, मग दिसायचं. ड्रम उघडले तर मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलेंडर, म्हणजे फ्लुइडच्या दाबाने ब्रेक ढकलणारी चाकातली नळी, ओला, आणि ड्रमला घासणाऱ्या लायनरच्या कडेपर्यंत फ्लुइड आलेलं. आता इथे १९६६ हे वर्ष का महत्त्वाचं आहे ते सांगतो. या गाडीचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे फ्लुइड ढकलणारा भाग, मुळात एकाच सर्किटचा होता, म्हणजे चारही चाकांना एकाच कप्प्यातलं फ्लुइड जायचं, त्यामुळे एका चाकाचा सिलेंडर फुटला तर पेडल खाली जाणार आणि चारही ब्रेक एकदम जाणार. उरतो फक्त हँडब्रेक. पुढच्याच वर्षी, १९६७ ला, या गाड्यांना दोन कप्प्यांचा मास्टर सिलेंडर आला, पुढचं सर्किट वेगळं आणि मागचं वेगळं. ज्याला आपण आज गृहीत धरतो ती गोष्ट या गाडीला एका वर्षाने चुकली होती. मित्राने चारही व्हील सिलेंडर, तिन्ही रबर होज आणि सगळ्या लोखंडी लाइन नवीन टाकल्या आणि मास्टर सिलेंडर दोन सर्किटचा बसवला, त्यासाठी लाइनची मांडणी बदलावी लागली. काही लोक म्हणाले मूळपण गेलं. मला विचाराल तर जी गाडी रोज शाळेच्या झेब्रा क्रॉसिंगवरून जाणार आहे तिच्या ब्रेकमधे मूळपण जपणं बरोबर नाही, आणि यात मी जराही मागे हटायला तयार नाही.

ड्रम ब्रेकच्या बाबतीत अजून एक गोष्ट, जी नव्या गाडीतून आलेल्या माणसाला माहीत असायचं कारण नाही. या ब्रेकना आपोआप ॲडजस्ट होणारी यंत्रणा आहे पण ती चालते गाडी रिव्हर्समधे असताना ब्रेक मारला तर. जो माणूस नेहमी पुढूनच आत आणि पुढूनच बाहेर असं पार्किंग करतो त्याचं पेडल हळूहळू खोल जात राहतं आणि त्याला वाटतं लायनर संपले. याने सवयच लावून घेतली, रोज रिव्हर्स घेताना दोन-तीनदा मुद्दाम जरा जोरात ब्रेक. आणि पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले असतात तेव्हा पहिला ब्रेक जवळपास लागतच नाही आणि कधीकधी एकाच बाजूला ओढतो, म्हणून पाणी ओलांडलं की पेडलवर हलका पाय ठेवून थोडं अंतर चालवायचं, आत उष्णता तयार होते आणि ड्रम सुकतात.

पेट्रोल, ठिणगी आणि बाकीचं

पेट्रोलच्या बाजूने तीन प्रश्न होते आणि तिन्ही या गाडीच्या जन्माच्या वेळचं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल यातल्या फरकामुळे. पहिला शिशाचा. तेव्हा पेट्रोलमधे शिसं असायचं आणि त्याचा एक साइड इफेक्ट म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर संरक्षक थर बसायचा. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंवालं पेट्रोल १ जानेवारी १९९६ पासून पूर्ण बंद झालं आणि २०२१ मधे अल्जेरियात ते थांबल्यावर जगभरात कुठेच राहिलं नाही, आणि ते गेलं हे फार चांगलं झालं. पण थर बसत नाही म्हटल्यावर भरपूर लोड आणि जास्त आरपीएमवर सतत चालवलं तर मऊ सीट झिजतात. याचा वापर हलका आहे त्यामुळे हेड लगेच उतरवलं नाही, व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि कॉम्प्रेशन बघत राहायचं आणि हेड कधी काही कारणाने उतरलं तर कडक सीट बसवून घ्यायच्या असं ठरलं. दुसरा प्रश्न इथेनॉल, ते जुनं रबर फुगवतं आणि कुजवतं, तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी होज, पंपाचा डायफ्राम आणि टाकीच्या तोंडाची जाड होज बदलली. ती जाड होज केबिनच्या आत असल्यामुळे तिच्यावर मी स्वतः दोनदा हात फिरवून बघितला, कारण तिथे भेग म्हणजे तुमच्या पाठीमागे पेट्रोलची वाफ.

तिसरा प्रश्न उन्हाळ्यात समोर आला आणि त्याने सगळ्यात जास्त त्रास दिला. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, म्हणजे कार्बोरेटर बसलाय बरोबर गरम एक्झॉस्टच्या डोक्यावर. चालू असताना काही नाही. पण गरम गाडी बंद करून दुकानात गेलं आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत आलं की तोपर्यंत कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून इनटेकमधे सांडलेलं असतं आणि इंजिन फ्लड होतं. स्टार्टर नुसताच फिरतो. पहिल्या वेळी त्याला वाटलं पेट्रोल पोचतच नाहीये म्हणून त्याने ॲक्सिलरेटर पंप केला आणि अजून फ्लड केलं. उपाय साधा आहे, पेडल तळापर्यंत दाबून धरायचं, अजिबात पंप करायचं नाही, आणि स्टार्टर मारायचा, जादा हवा आत जाते आणि ओलावा सुकतो. कायमचा उपाय म्हणून कार्बोरेटरखाली उष्णता न वाहणारा जाड स्पेसर बसवला आणि पेट्रोलची लाइन मॅनिफोल्डपासून लांब नेली, त्यानंतर अगदी कडक उन्हातच कधीतरी होतं.

इग्निशन. डिस्ट्रीब्युटरमधे, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागात, पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारा स्विच) आणि कंडेन्सर. पॉइंटवर एक फायबरची टाच असते जी कॅमवर घासते, ती झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे सरकतं, गाडी बंद पडत नाही पण दिवसेंदिवस सुस्त होत जाते. रोज थोडी थोडी सुस्त होत असल्यामुळे चालवणाऱ्याला कळतच नाही, हा यातला खरा त्रास आहे. काही महिन्यांनी गॅप बघणं, टायमिंग लाइट लावणं हे आलंच. नंतर त्याने पॉइंट काढून त्याच डिस्ट्रीब्युटरमधे बसणारं हॉल सेन्सरचं, म्हणजे चुंबकावर चालणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाकलं, गॅपचा प्रश्नच मिटला. आणि मग एका पावसाळी संध्याकाळी कामावरून निघताना ते मॉड्यूल गेलं. गाडी स्टार्टच होईना. मॉड्यूल जायच्या आधी कधी सूचना देत नाही, पॉइंट निदान कुरकुरतात तरी. पण काढलेला जुना पॉइंटचा सेट त्याने प्लेटसकट ग्लोव्ह बॉक्समधे ठेवला होता, एक स्क्रू ड्रायव्हर, एक फीलर गेज (गॅप मोजायची पट्टी) आणि मोबाइलचा टॉर्च, पार्किंगमधेच अर्ध्या-पाऊण तासात गाडी चालू करून तो घरी आला.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते. सेडान नऊ वर्षांत एकदाही अशी थांबली नव्हती आणि ही पहिल्या वर्षातच थांबली, तेव्हा भरवशाची कोण हे उघड आहे आणि त्यावर वाद घालणं चुकीचं आहे. पण सेडानचा इग्निशन मॉड्यूल त्या पार्किंगमधे गेला असता तर टो करणारी गाडी बोलवावी लागली असती. जुन्या गाडीचा भरवसा कमी वेळा बिघडण्यातून येत नाही, ती बिघडणारच, तो येतो बिघाड ओळखता येणं, हाताशी पार्ट असणं आणि वेळ असणं यातून. तीनपैकी एकही नसेल तर ती गाडी रोजच्या वापराला लायक नाही, कितीही छान चालत असली तरी. आणि यातलं वेळ असणं सगळे विसरतात. मित्राचं काम असं आहे की तो पाऊण तास उशिरा पोचला तर कुणाचं काही अडत नाही. हॉस्पिटलमधे शिफ्टवर जाणाऱ्या माणसाला मी हे करू नकोस असंच सांगेन.

बाकीची कामं भराभर सांगतो. रेडिएटर आतून साफ करून घेतला, थर्मोस्टॅट आणि सगळ्या होज नवीन. हेडलाइटचा पूर्ण करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो, त्यामुळे दिवे मंद आणि स्विच गरम, म्हणून रिले टाकून बॅटरीपासून थेट वायर दिली, फरक बघून आम्ही दोघं खूश. किंग पिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी) आणि स्टीअरिंगच्या सांध्यांना प्रत्येक ऑइल चेंजला ग्रीस. ऑइलची निवडही जपून करावी लागते, कारण या इंजिनाचे कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घसटतात, त्यांना झिंक-फॉस्फरसवालं ॲडिटिव्ह लागतं, आणि २००४ च्या एपीआय एसएम या ऑइलच्या दर्जापासून पातळ ऑइलमधे फॉस्फरसचं प्रमाण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला कमी केलं गेलं, तेव्हा डब्यावर फक्त महाग आहे म्हणून कुठलंही ऑइल ओतायचं नाही. गिअरचा दांडा एकदा पहिल्या आणि रिव्हर्सच्या मधे अडकला, कॉलमवरच्या गिअरच्या लिंकेजला प्ले आला की असं होतं, बोनेट उघडून हाताने दोन्ही लिव्हर सरळ केले की सुटतो, बुश बदलल्यावर परत झालं नाही. रंगाला अजून हात लावलेला नाही. केबिनचे कोपरे आणि फ्लोअर जिथे गंजले होते तिथे पत्रा कापून नवा वेल्ड केला, वरून प्रायमर, तसाच फिरतो.

हिशोब

पेट्रोलचं गणित कुणालाही घरी करता येईल. वर्षाला साधारण १०,००० किलोमीटर. सेडान लिटरला १४-१५ द्यायची, म्हणजे साधारण ७०० लिटर. पिकअप ६ देते, म्हणजे १,६०० च्या वर. जवळपास हजार लिटर जास्त, दर वर्षी. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे वर्षाला दोन टनांहून थोडा जास्त, तोही सेडानच्या वरचा. आणि हे फक्त कार्बन डायऑक्साइडचं झालं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जे बाहेर पडतं ते सेडानच्या कितीतरी पट. नवीन गाडी बनवायला पण प्रदूषण होतं हा युक्तिवाद मी खूपदा ऐकलाय, पण त्याची सेडान बनून झालेली होती आणि चालू स्थितीत होती, त्यामुळे या प्रकरणात तो लागू होत नाही. मित्राने यावर उपाय म्हणून एवढंच केलं की जवळची कामं सायकलवर नेली आणि वर्षाचं अंतर कमी केलं. मला ते पुरेसं वाटत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा नक्कीच चांगलं.

देखभालीत पार्ट स्वस्त पडतात, वेळ भरपूर जातो. आठवड्याला एक सकाळ धरूनच चालायची, काही नसलं तरी ऑइल, पाणी, ब्रेक फ्लुइड, टायरची हवा आणि खाली वाकून कुठे काही टपकतंय का हे बघायचं. स्वतःच्या वेळेची मजुरी लावली तर सेडान दहापट स्वस्त होती. तो लावत नाही, कारण ती सकाळ त्याला हवीच असते, मुलगी पण बाजूला पाना धरून उभी असते. पण हेच काम गॅरेजला द्यायचं असेल तर थांबून विचार करा, पॉइंट आणि कार्बोरेटर नीट समजणारे मेकॅनिक आता थोडे उरलेत आणि त्यांच्याकडे नंबर लागतो. इन्शुरन्सही आधी विचारून घ्या. जुन्या गाड्यांच्या स्वस्त पॉलिसी दिसतात त्यातल्या बऱ्याच पॉलिसींत रोज कामावर नेणं चालत नाही अशी अट असते, याला त्यामुळे साधी महागडी पॉलिसी घ्यावी लागली.

जे पैशाने भरून येत नाही

आता सुरक्षितता. इथे मी हळू बोलणार नाही. २००९ मधे अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांच्या सुरक्षिततेची तपासणी करणाऱ्या संस्थेने आपल्या पन्नास वर्षांच्या निमित्ताने एक टेस्ट केली, १९५९ ची शेव्हरोलेट बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोलेट मालिबू, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर, पूर्ण तोंड नाही तर ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा भाग एकमेकांवर येईल अशा पद्धतीने धडकवल्या. जड, लांबलचक, पोलादी बेल एअरची ड्रायव्हरची जागा अक्षरशः चिरडली गेली आणि मालिबूच्या डमीला पायाची किरकोळ दुखापत. ती कार होती आणि ही पिकअप आहे हे मान्य, पण जाड पत्रा वाचवतो या समजाला त्या व्हिडिओनंतर काही अर्थ उरत नाही. पुढचा भाग ठरवून चुरगळणं, केबिन टिकणं, स्टीअरिंग कॉलम आत न घुसणं, हे सगळं डिझाइनमधे असावं लागतं, नंतर बसवता येत नाही. एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या अंदाजानुसार १९६० ते २०१२ या काळात गाड्यांमधल्या सुरक्षा सोयींमुळे ६ लाखांवर लोकांचे जीव वाचले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या सीटबेल्टमुळे.

शेवटच्या वाक्यातच काय करता येईल तेही आहे. गाडीला फक्त कमरेचे बेल्ट होते. केबिनच्या मागच्या खांबात आतून जाड प्लेट वेल्ड करून तीन पॉइंटचे बेल्ट बसवले, पत्र्याला नुसता बोल्ट मारून बेल्ट लावणारे लोक मी बघितलेत, धडकेत तो पत्र्यासकट उपटून येतो, कृपा करून तसं करू नका. हेडरेस्ट नाहीत, मागून धक्का बसला तर मान मागे जाणारच, म्हणून हेडरेस्ट असलेली सीट शोधणं चालू आहे. एअरबॅग, एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल यातलं काहीही येणार नाही.

यातून त्या घराने जे नियम केले ते मला फार महत्त्वाचे वाटतात आणि ते बायकोने मांडले, त्याने नाही. ती म्हणाली, "तू तुझ्या जिवाचा निर्णय घे, तिच्या जिवाचा आपण दोघं घेऊ." मुलगी पिकअपमधे रस्त्यावर बसत नाही, कितीही हट्ट केला तरी, शाळा आणि लांबचे प्रवास बायकोच्या गाडीने. मोठ्या हायवेवर पिकअप जात नाही, तसंही तीनच गिअर असल्यामुळे १०० च्या स्पीडला इंजिन २,७००-२,८०० आरपीएमवर ओरडत असतं आणि समोरच्याने अचानक ब्रेक मारला तर या ड्रमना लागणारं अंतर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. धो धो पावसात निघायचं नाही, थांबायचं. म्हणजे बघा, सेडान गेली आणि पिकअप आली अशी ही सरळ अदलाबदल झालेलीच नाही. सेडानची अर्धी कामं पिकअपने घेतली आणि उरलेली, जास्त जोखमीची, बायकोच्या गाडीवर गेली. तिच्या गाडीचं रनिंग वाढलं, तिच्या वेळेवरही भार आला. मी जुनी गाडी रोज चालवतो असं एखादा सांगतो तेव्हा त्याच्या घरात दुसरी गाडी कुठली आहे आणि ती कोण चालवतं हे विचारल्याशिवाय त्याचा अनुभव आपल्याला लागू करू नये.

माझं मत विचाराल तर या घरासाठी हा निर्णय योग्य ठरला. रस्ता कमी स्पीडचा, झाकलेली पार्किंग, स्वतःचे हात, उशीर चालणारं काम, दुसरी नवी गाडी, आणि तीन महिन्यांचा दोन्ही गाड्यांचा काळ, या सगळ्या गोष्टी एकाच वेळी होत्या. यातलं एक काढलं तर मी ओढून ताणून हो म्हणेन, दोन काढली तर नाही. एकच गाडी असलेल्या, लहान मूल असलेल्या आणि हायवेने कामावर जाणाऱ्या माणसाने ही पिकअप जरूर घ्यावी, पण दुसरी गाडी म्हणून, आणि आधी ती रोजच्यासारखी दोन-तीन महिने वापरून बघावी.

सध्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचं काम घेतलंय. नंतरच्या वर्षांच्या एफ-१०० चे डिस्कवाले स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग, आय-बीमवर बसवतात, पण किंग पिनचं माप वर्षागणिक बदलतं आणि बीमही त्याच गाडीचे घ्यावे लागतील का हे मोजून बघायचंय, त्यामुळे सेट आणलाय पण अजून जुळवाजुळव चालू आहे. ते होईपर्यंत त्याने हायवेचा तो छोटा तुकडा पण सोडून दिलाय, आतल्या रस्त्याने दहा मिनिटं जास्त लागतात.